नोडवरून बनवर जाण्याआधीची आवराआवर

नोड आणि बन हे दोन्ही ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे रनटाइम. घरच्या छोट्या प्रोजेक्टसाठी नोड सोडून बन वापरायचं ठरवलंत, तर कोड उघडण्याआधी लॅपटॉपकडे बघा. बनची नेहमीची बांधणी (बिल्ड) एव्हीएक्स-२ हा सूचनांचा संच समजणारा प्रोसेसर गृहीत धरते. इंटेलमध्ये ती सोय २०१३ च्या हॅसवेलपासून आली आणि स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं नव्हती. जुन्या मशीनवर 'इलिगल इन्स्ट्रक्शन' येऊन बन जागच्या जागी बसतं. तेव्हा झिप हाताने उतरवत असाल तर जुन्या प्रोसेसरसाठीची 'बेसलाइन' नावाची घ्या. विंडोजसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लागतं असं सांगणारे व्हिडिओ जुने झाले. एप्रिल २०२४ च्या १.१ पासून बन विंडोजवर थेट चालतं, फक्त विंडोज १० ची १८०९ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

मग गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या हत्यारात) सगळं कमिट करून वेगळी ब्रँच काढा, म्हणजे जुना कोड सुरक्षित राहील. आमच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर नेटही सोबत जातं, म्हणून पॅकेजं उतरवण्याचं काम आधी उरकून घ्या. बन पॅकेजं एका सामायिक कॅशमध्ये ठेवतं. दुसऱ्या प्रोजेक्टला तीच आवृत्ती लागली तर पुन्हा डेटा जाळावा लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला हे वेगापेक्षा मोलाचं.

खरा वेळ पॅकेज डॉट जेसन, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेली फाइल, वाचण्यात घालवा. माझा प्रोजेक्ट केळीच्या भावांचा आहे: रोजचे दर एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसात टाकायचे, नवती, पिलबाग, कांदेबाग हे केळीचे प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत. नोडवर यासाठी बेटर-एसक्यूलाइट-३ हे पॅकेज होतं. ते सी-प्लस-प्लसमधून थेट नोडच्या व्ही-८ या जावास्क्रिप्ट इंजिनाला धरून असतं, आणि बनच्या पोटात व्ही-८ नसून सफारीचं जावास्क्रिप्टकोअर आहे. त्यामुळे अशी नेटिव्ह पॅकेजं आधी हुडकून काढा. एसक्यूलाइटची सोय बनमध्ये आतच आहे, तिची धाटणीही बेटर-एसक्यूलाइटसारखीच, म्हणून बदल थोडाच लागतो. बाकीची शुद्ध जावास्क्रिप्टची पॅकेजं बहुतेक मुकाट चालतात. '.env' ही सेटिंगची फाइल वाचणारं डॉटएन्व्ह पॅकेज काढून टाका, बन ती फाइल आपणहून वाचतं. एखादं पॅकेज इन्स्टॉल होऊनही अर्धवट वाटलं तर त्याची पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (इन्स्टॉलनंतर आपोआप चालणारी) अडवली गेली आहे का बघा. बन अनोळखी पॅकेजांच्या अशा स्क्रिप्ट चालवत नाही. ज्यावर विश्वास आहे त्याचं नाव पॅकेज डॉट जेसनमधल्या 'ट्रस्टेड डिपेंडन्सीज'मध्ये लिहावं लागतं. ही अडवणूक मला आवडते, भाऊ. कुणीही यावं आणि आपल्या मशीनवर काहीही चालवावं, हे नोडच्या जगात फार झालं होतं.

टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहिता येणारं जावास्क्रिप्ट) बन थेट चालवतं, पण टाइप तपासत नाही, नुसते पुसून टाकतं. म्हणून टीएससी हा टाइपस्क्रिप्टचा कंपायलर ठेवा आणि 'नो-एमिट' लावून (म्हणजे फाइल न बनवता नुसती तपासणी) वेगळा चालवत जा.

तारखांचं एक बघा. एमआर-आयएन लोकेल (भारतातल्या मराठीची मांडणी) लावून तारखेची मजकुरी ओळ बनवली की अंक देवनागरीत येतात, पण ओळीची नेमकी मांडणी इंजिनागणिक वेगळी असू शकते. अशी ओळ नोंद ओळखायची खूण ('की') म्हणून डेटाबेसात पडली असेल तर एकाच दिवसाचे भाव दोनदा चढतील. साठवताना आयएसओ तारीख (वर्ष-महिना-दिवस), मराठी रूप फक्त पडद्यावर. नोड आणि बन दोन्हींवर तोच डेटा चालवून निकाल शेजारी-शेजारी ठेवा.

नोड काढून टाकायची घाई नको. 'बन रन' म्हटलं तरी व्हीटसारखी (वेबसाइट बांधायची) हत्यारं मशीनवरचं नोडच उचलतात. बनवरच चालवायची असतील तर '--bun' (डॅश डॅश बन) लावावं लागतं. आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) सकाळचं काम लावलेलं असेल तर तिथला नोडचा पत्ता बदला. तो राहून गेला तर ते काम उद्याही जुन्याच रनटाइमवर धावेल, आणि बनमधली एसक्यूलाइट मागवणारी ओळ दिसताच तिथेच पडेल.