अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून घरी परतताय? तयारी अशी करा

जाताना सगळं घर तयारीला लागलेलं असतं, परतताना मात्र सगळा जीव बॅगांच्या वजनात अडकतो आणि खरे हाल होतात ते मुंबईत उतरल्यावर, नाहीतर बंद घराचं कुलूप काढल्यावर. म्हणून तयारी उलटी करा, आधी घर आणि मग बॅगा.

त्याच्याही आधी तारीख बघा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं ते आय-९४ वर (अमेरिकेत शिरताना होणारी नोंद) असतं, सीबीपीच्या, म्हणजे तिथल्या कस्टम आणि सीमा खात्याच्या वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकला की ते फुकट दिसतं. तिकीट त्या तारखेच्या निदान आठवडाभर आधीचं काढा, कारण फ्लाइट रद्द झाली किंवा ताप आला तर हाताशी दिवस हवेत. निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, घाबरू नका, नोंद एअरलाइनकडून जाते, तरी बोर्डिंग पास जपून ठेवा.

पंधरा दिवस राहिले की शेजारी, भाऊ-बहीण, ज्यांच्याकडे चावी असेल त्यांना फोन करा. टाकी धुवून घ्यायची, सगळे नळ थोडा वेळ सोडून ठेवायचे, बाथरूमच्या जाळ्यांमध्ये बादलीभर पाणी ओतायचं (आतलं पाणी सुकलं की गटाराचा वास घरभर येतो), फ्रिज चालू करायचा, दुधाची पिशवी आणि पोळीभाजी आणून ठेवायची. भारतातल्या सिमचं रिचार्जही चालू आहे ना ते बघा, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ते सिम अमेरिकेतून निघतानाच हँडबॅगेत, फोनचा सिम-ट्रे उघडायच्या पिनसकट ठेवा.

गुडघे दुखत असतील किंवा मधल्या विमानतळावर गेट शोधायची धास्ती असेल तर व्हीलचेअर निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, त्याचे पैसे लागत नाहीत आणि त्यात संकोच कसला!

आता बॅगा. वजनाची मर्यादा तिकिटावर असते, बऱ्याचदा एका बॅगेला २३ किलो, तुम्ही २२ वर थांबा. दोघं असाल तर दोघांचेही थोडे थोडे कपडे दोन्ही बॅगांत घाला, एखादी बॅग मागे राहिली तरी अडत नाही. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत, इन्सुलिन तर नक्कीच, सामानात टाकलं तर ते गोठू शकतं. पॉवर बँकही हातातच. लोणचं, पीनट बटर मात्र मोठ्या बॅगेत, कारण सिक्युरिटीला ते द्रवच धरतात आणि १०० मिलीच्या वर जाऊ देत नाहीत. तिकडे डॉक्टरकडे गेला असाल तर इन्शुरन्ससाठी मूळ बिलं एका पाकिटात ठेवा. मे महिन्यात येताना किलोकिलोनं चॉकलेट आणू नका, मुंबईच्या उकाड्यात त्याचा लगदा होतो. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासात किती वाजता घ्यायच्या तेही डॉक्टरांना आधीच विचारा. विमानात दर एक-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा, पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल तर दाब देणाऱ्या स्टॉकिंग्जबद्दलही डॉक्टरांशी बोला.

गाडी बुक करताना तारखेचा घोळ फार होतो. १२ तारखेला रात्री १२:४० ला उतरणार म्हणजे ड्रायव्हरनं ११ च्या रात्रीच टर्मिनल २ ला यायला हवं, हे त्याला फोनवर नीट समजावून सांगा. पुणं दीडशे किलोमीटर आहे, इतक्या रात्री पेंगुळलेल्या ड्रायव्हरबरोबर घाट चढण्यापेक्षा मुंबईत कोणाकडे तरी पाठ टेकून सकाळी निघालेलं मला केव्हाही बरं वाटतं. पुढे नागपूरचं विमान असेल तर बहुतेक वेळा बॅगा मुंबईत ताब्यात घेऊन, कस्टममधून नेऊन परत द्याव्या लागतात, मध्ये चार तास तरी ठेवा. ड्यूटी भरण्यासारखं काही नसेल तर कस्टमच्या ग्रीन चॅनलनं थेट बाहेर पडा, पण ५००० डॉलरच्या वर रोख नोटा असतील तर त्या जाहीर करायलाच लागतात.

घरी आल्यावर झोप उलटीपालटी होणारच, न्यूयॉर्कपासून आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो. दुपारी अर्धा-पाऊण तासच पडा, सकाळी उन्हात फिरा आणि दोन-तीन दिवस गाडी चालवू नका. उरलेल्या डॉलरच्या नोटा २००० पर्यंत जवळ ठेवता येतात, बाकीच्या १८० दिवसांत बदलून घ्या. आणि नोव्हेंबरात परतणाऱ्या पेन्शनरांनी झोप जुळेपर्यंत थांबू नये, हयातीचा दाखला पहिल्याच आठवड्यात देऊन टाकावा.