जुनी डिझेल व्हॅन घेताना इंजेक्टरची गळती कशी तपासावी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुन्या विंगर नि ट्रॅव्हलर व्हॅनना कायम गिऱ्हाईक असतं. शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं, चैत्रात सप्तशृंगीची भाडी. घेणारा टायर बघतो, पत्रा ठोकून बघतो, पासिंग-इन्शुरन्सचे कागद चाळतो. इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाच्या, बुडाशी टॉर्च मारून बघणारे थोडे. तिथलं तांब्याचं वायसर किरकोळ किमतीचं असतं. खर्च ठरतो तो गळती किती जुनी आहे यावर. नवी असेल तर काही तासांचं काम. बराच काळ तशीच पळवलेली गाडी असेल तर इंजेक्टर हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) रुतून बसतो आणि तो काढताना हेडच उतरवायची वेळ येऊ शकते. म्हणून गळती दिसली की लगेच ती किती मुरली आहे हेही बघायचं.

गळायच्या जागा तीन. इंजेक्टरच्या टोकाशी तांब्याचं वायसर असतं, ते सिलिंडरमधला गॅस वर येऊ देत नाही. डोक्यावर रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा, बारीक पाईप आणि त्याची ओ-रिंग असते, तिथून डिझेल पाझरतं. तिसरी जागा हाय प्रेशर पाईपचा नट. या तिसऱ्या जागेजवळ इंजिन चालू असताना बोट न्यायचं नाही. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. वर सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखायची वाट न पाहता थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना ‘दाबाचं डिझेल शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

सोबत टॉर्च, छोटा आरसा, जुनं फडकं, पावडरचा डबा, पुठ्ठ्याचा तुकडा आणि फवाऱ्याची बाटली न्या. बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवून बघा. गरम लागलं तर सकाळी सेल्फला त्रास झाला असेल आणि तो तुम्हाला दिसू द्यायचा नसेल, अशी शंका धरा. इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलं असेल तर तेही चांगलं लक्षण नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत रोज फिरणाऱ्या व्हॅनचं इंजिन धुळकटच असायला हवं, आणि ती धूळच खरी माहिती देते.

वरचं प्लास्टिक कव्हर काढा. काही व्हॅनना इंजिन बोनेटखाली असतं, काहींना ड्रायव्हरच्या बाजूला किंवा सीटखाली. तिथे आरसा लागतोच. चारही इंजेक्टरच्या बुडाशी बघा. कोरडी, भुरभुरीत धूळ असेल तर ठीक. ओली, चिकटलेली धूळ आणि डिझेलचा वास असेल तर रिटर्न किंवा हाय प्रेशरची बाजू. काळा, चमकणारा, डांबरासारखा कडक थर असेल तर वायसरमधून गॅस येतोय. इथेच विकणारा म्हणतो, ‘काही नही भाऊ, ऑइल शे ते.’ टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून ऑइल खरंच पाझरतं, पण ते फडक्याने पुसलं जातं. गॅसचा कार्बन स्क्रूड्रायव्हरने खरवडला तरी सहज निघत नाही. पातळ काळी कड म्हणजे गळती अलीकडची. इंजेक्टरची खोबणच भरून गेली असेल आणि क्लॅम्पचा बोल्ट दिसत नसेल, तर ती बऱ्याच दिवसांची.

आता थंड इंजिनावर स्टार्ट. सेल्फ लांबत असेल, चार-पाच सेकंद फिरवूनही गाडी पकडत नसेल, तर रिटर्नमधून हवा शिरत असेल किंवा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असतील. बॅटरी नि ग्लो प्लगही (थंड इंजिन तापवणारे) त्याच यादीत येतात. सुरू झाल्यावर कान द्या. वायसर गळत असेल तर ‘फस-फस-फस’ असा एका लयीत आवाज येतो. ८०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतं, म्हणजे सेकंदाला सहा-सात फुसकारे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं तरी असाच आवाज येतो, पण तेव्हा काजळी हेड आणि मॅनिफोल्डच्या जोडावर दिसते.

साबणाचं पाणी याच वेळी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत मारायचं. हेड तापल्यावर पाणी तसंच उकळतं आणि प्रत्येक इंजेक्टर गळतोय असं वाटतं. एकेकाच्या बुडाशी थोडा फवारा मारा; कनेक्टर आणि अल्टरनेटर वाचवा. एकाच जागी लयीत बुडबुडे फुटत राहिले की जागा सापडली.

डिझेलच्या गळतीसाठी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. रिटर्नचे जोड पुसून कोरडे करा, त्यावर पावडर भुरभुरा आणि मग दहा मिनिटं गाडी चालू ठेवा. जिथे डिझेल येतं तिथली पावडर लगेच ओली होऊन गडद होते. हाय प्रेशर नटाजवळ हात लांब ठेवून फक्त पुठ्ठा धरायचा. त्यावर ओला डाग उमटला की पुढची तपासणी तिथेच थांबवा.

केबिनमधला वासही बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो, तेव्हा प्रत्येक विकणारा काचा लावून, एसी आतल्या हवेवर ठेवून गाडी दाखवतो. बाहेरची हवा आत येईल असा लिव्हर फिरवा आणि उभ्या गाडीत पाच मिनिटं बसा. जळक्या धुराचा वास आला तर वायसर, कच्च्या डिझेलचा आला तर रिटर्न.

मग गाडीवर लोड घाला. धुळ्याकडे असाल तर लळिंगचा चढ, चाळीसगावकडे असाल तर कन्नडचा घाट. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, त्यामुळे आयडलला दबलेली गळती बोलू लागते. उतरल्यावर पुन्हा टॉर्च मारा.

काही इंजिनांत इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या आत असतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिथे डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ आणि डिझेलच्या वासाचं असेल तर डिझेल आत उतरतंय; मात्र डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तो साफ होण्याची फेरी वारंवार अर्धवट राहिली तरी असं होतं. गॅस आत गळत असेल तर कार्बन खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाची जाळी बुजवतो आणि मग टर्बो नि बेअरिंगला ऑइल मिळत नाही. हा सगळ्यात महाग प्रकार. ऑइलच्या झाकणाखाली कडक काळे खडे दिसले तर अशी गाडी न घेतलेलीच बरी.

‘बोल्ट जरा कसला की बंद होतं’ यावर विश्वास ठेवू नका. तांब्याचं वायसर एकदा दबलं की दबलं. वरून कसल्याने बोल्ट तुटतो किंवा हेडमधले आटे जातात. नीट काम म्हणजे इंजेक्टर काढणं, जुनं वायसर भोकातून बाहेर आलं का ते बघणं (राहून गेलं आणि वर दुसरं बसवलं तर नोझल उंच राहतं), सीट कटरने साफ करणं, कचरा सिलिंडरमध्ये पडू न देणं, त्याच जाडीचं नवं वायसर, नवा बोल्ट, आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच कसणं. कॉमन रेलच्या बऱ्याच इंजेक्टरवर कोड असतो, म्हणून प्रत्येक इंजेक्टर आपल्याच सिलिंडरला परत जायला हवा. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात कोडची भानगड नाही.

‘काम आत्ताच केलंय’ असं ऐकलं तर बिल आणि काढलेली वायसर मागा, बोल्टची डोकी झिजलीत का ते बघा. पातळ कड असेल तर चारही वायसरांची मजुरी किमतीतून कापून घ्या. खोबण भरलेली असेल तर बयाणा देण्याआधी तो एक इंजेक्टर तुमच्या डिझेल मिस्त्रीसमोर, विकणाऱ्याच्या खर्चाने काढायला लावा. विकणारा तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.