अपग्रेडची तयारी तिकीट काढण्याआधीपासून

एलिट स्टेटसच्या, म्हणजे सतत प्रवास करणाऱ्यांना विमान कंपनी देते त्या पदाच्या, बळावर विमानातली पुढच्या वर्गातली जागा, म्हणजेच अपग्रेड, मिळवायची असेल, तर विमानतळावर पोचल्यानंतर करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. अपग्रेड कोणाला आधी द्यायचे याचा क्रम संगणकात लागलेला असतो, आणि तो ज्या गोष्टींवरून लागतो त्यांतल्या बहुतेक आपण तिकीट काढताना, काही तर त्याच्याही वर्षभर आधी, ठरवून बसलेलो असतो. म्हणून ही यादी ज्या क्रमाने कामे हातावेगळी करायला हवीत, त्याच क्रमाने लिहिली आहे.

सर्वांत आधी आपले स्टेटस नेमके कोणत्या कंपनीचे आहे आणि ते कोणत्या विमानात अपग्रेड देते, हे त्या कंपनीच्या नियमांत वाचून घ्यावे. येथे मोठा गैरसमज आढळतो. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये स्थापन झाली, आणि विमान कंपन्यांच्या या तिन्ही संघटनांची स्वतःची एलिट पदे आहेत: स्टार अलायन्समध्ये सिल्व्हर आणि गोल्ड, वनवर्ल्डमध्ये रूबी, सफायर आणि एमराल्ड, स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस. ही पदे संघटनेतल्या भागीदार कंपनीच्या विमानात पदानुसार आधी चेक-इन, आधी बोर्डिंग, जास्तीचे सामान व लाउंज असे फायदे मिळवून देतात. मोफत अपग्रेड मात्र देत नाहीत. दोन कंपन्यांमध्ये तसा वेगळा करार असेल तरच अपवाद. तेव्हा एका कंपनीचे गोल्ड कार्ड हातात आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचे तिकीट अपग्रेडच्या आशेने काढू नये. स्टेटसधारकांना आपोआप, काहीही न मागता अपग्रेड देण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतल्या कंपन्यांची आहे, आणि तीही बहुतांशी देशांतर्गत व जवळच्या मार्गांवर. युरोप आणि आशियातल्या बऱ्याच कंपन्या वरच्या पदाच्या सभासदांना अपग्रेडची मोजकी व्हाउचर देतात किंवा मैल, म्हणजे प्रवासातून सभासद खात्यात जमणारे गुण, खर्च करून अपग्रेड घ्यायला लावतात. आपली कंपनी कोणत्या प्रकारातली, हे न पाहता केलेली पुढची सगळी तयारी वाया जाते.

त्यानंतर वर्षाचा हिशेब मांडावा. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हान्टेज ही योजना सुरू केली, तेव्हा जितके अंतर उडाल तितके मैल असा सरळ मामला होता. आता मोजमाप पैशांचे झाले आहे. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये मैल भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली, आणि डेल्टाचे मेडॅलियन पद तर २०२४ पासून फक्त खर्चाच्या आकड्यावर मिळते. अमेरिकनमध्ये पद ठरवण्यासाठी २०२२ पासून लॉयल्टी पॉइंट नावाचे गुण मोजले जातात, आणि त्यांचे वर्ष १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपते. आपले वर्ष कधी संपते, पुढच्या पदाला किती कमी पडते आणि मिळालेले पद कोणत्या तारखेपर्यंत टिकते, हे तीन आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत. माझे स्पष्ट मत असे की केवळ अपग्रेडसाठी सर्वांत खालच्या पदामागे धावू नये. त्या पदाचे इतर फायदे खरे आहेत, पण गर्दीच्या मार्गावर अपग्रेडच्या यादीत आपल्या वर इतके लोक असतात की नाव शेवटपर्यंत हलत नाही. पुढच्या पदाला थोडेच कमी पडत असेल, तर मात्र वर्षाच्या शेवटी एखादा प्रवास त्याच कंपनीने करावा आणि सगळे प्रवास एकाच खात्यात जमा करावेत. तीन कंपन्यांत विखुरलेले मैल कुठेच उपयोगी पडत नाहीत.

आता तिकीट, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. इकॉनॉमीच्या प्रत्येक तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असते, ती त्याची भाडेश्रेणी. वाय म्हणजे साधारणतः पूर्ण भाड्याचे तिकीट आणि त्याखालची अक्षरे सवलतीच्या चढत्या पायऱ्यांची. स्टेटस समान असलेल्या दोन प्रवाशांत अनेक कंपन्या ही श्रेणी पाहून क्रम लावतात. अमेरिकनमध्ये पदानंतर गेल्या बारा महिन्यांत जमवलेले लॉयल्टी पॉइंट पाहिले जातात. काही व्हाउचर आणि मैलांची अपग्रेड तर ठरावीक श्रेणीच्या वरच्याच तिकिटाला लागू होतात, आणि भागीदार कंपनीच्या विमानात मैलांनी अपग्रेड घ्यायचे असेल तर बहुधा जवळजवळ पूर्ण भाड्याचेच तिकीट लागते. बेसिक इकॉनॉमी नावाचे सर्वांत स्वस्त तिकीट बऱ्याच कंपन्यांत अपग्रेडला पात्रच नसते. म्हणून पैसे भरण्याआधी श्रेणीचे अक्षर शोधून काढावे आणि ते आपल्या अपग्रेडच्या नियमाशी ताडून पाहावे; संकेतस्थळावर ते 'तपशील' अशा एखाद्या दुव्यामागे दडलेले असते, आणि नाहीच सापडले तर फोन करून विचारावे.

याच वेळी कोणते उड्डाण निवडायचे तेही ठरवावे. अमेरिकनच्या ७३७-८०० या विमानात १७२ जागांपैकी पुढच्या वर्गात १६ असतात. त्यांतल्या बऱ्याच विकल्या जातात, आणि उरलेल्या मूठभर जागांसाठी यादीत तीस-चाळीस नावे असली तर आश्चर्य वाटू नये. सोमवारी सकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी कामासाठी प्रवास करणारे, म्हणजे आपल्यासारखेच स्टेटसधारक, सर्वांत जास्त असतात. तारीख आपल्या हातात असेल तर शनिवार किंवा आठवड्यातल्या मधल्या दिवशीची दुपार धरावी. एकाच मार्गावर कधी लहान आणि कधी रुंद विमान उडत असेल, तर पुढच्या वर्गात जास्त जागा असलेले रुंद विमान निवडावे. थेट उड्डाण सोडून केवळ अपग्रेडसाठी मध्ये थांबा घ्यावा का, याचे उत्तर मी तरी नेहमी नाही असेच देईन.

जागांच्या नकाशावर पुढच्या वर्गात रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तरी त्यांवर विसंबू नये. नकाशा फक्त कोणी जागा निवडली एवढेच सांगतो. अपग्रेडसाठी कंपनीने किती जागा मोकळ्या केल्या ते वेगळ्या खात्यात असते आणि ते नकाशात दिसत नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी व्हाउचर किंवा मैल वापरायचे असतील, तर तिकीट काढण्याआधीच कंपनीला फोन करून दोन प्रश्न विचारावेत: या उड्डाणावर आत्ताच्या आत्ता पक्के होणारे अपग्रेड उपलब्ध आहे का, आणि नसेल तर वेटलिस्टवर नाव लावता येईल का. पक्के मिळत असेल तर त्याच फोनवर तिकीट काढून अपग्रेड लावून घ्यावे. वेटलिस्टच मिळत असेल, तर ते तिकीट इकॉनॉमीत बसूनही आपल्याला परवडेल आणि सोसवेल असेच आहे ना, हा विचार करूनच पुढे जावे. रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच महत्त्वाचे काम असेल, तर वेटलिस्टच्या भरवशावर राहू नये. वरच्या वर्गाला जास्त कर आकारणाऱ्या देशांतून निघताना, उदाहरणार्थ ब्रिटनमधल्या एअर पॅसेंजर ड्यूटीच्या बाबतीत, व्हाउचर असले तरी करातला फरक भरावा लागतो, तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. व्हाउचरची मुदतही याच वेळी तपासावी, आणि त्या तारखेपर्यंत नुसते आरक्षण चालते की प्रवासही पूर्ण व्हावा लागतो, हे शब्दशः वाचावे. मुदत संपायच्या आठवड्यात व्हाउचर वापरायला निघालेल्या माणसाला हवे ते उड्डाण मिळणे अवघड असते.

तिकीट हाती आल्यावर सभासद क्रमांक आरक्षणात आहे ना, आणि नाव पासपोर्टवर आणि सभासद खात्यात अक्षर अन् अक्षर सारखे आहे ना, हे पाहावे. भागीदार कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले असेल, तर क्रमांक वाटेत गळतो असा अनुभव येतो. उड्डाण ज्या कंपनीचे आहे तिच्या अ‍ॅपमध्ये आरक्षण उघडून आपले पद दिसते का, ही खात्रीची खूण. आपोआप अपग्रेडसाठी काही कंपन्यांत खात्यातला पर्याय चालू असावा लागतो, तोही बघून घ्यावा.

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, दोघांचे तिकीट असेल, तर पुढचा निर्णय आधीच घेऊन ठेवावा. एकदा मी आणि माझी बहीण एकत्र प्रवास करत होतो, यादीत आमची नावे पहिली आणि दुसरी होती, आणि अपग्रेडची एकच जागा उरली होती. संगणकाला आम्हा दोघींसाठी दोन जागा हव्या होत्या, त्या नव्हत्या, म्हणून त्याने आम्हाला ओलांडून तिसऱ्या प्रवाशाला ती दिली. ताईचे गुडघे दुखत होते आणि ती जागा तिला मिळाली असती, ही रुखरुख मला आजही आहे. तेव्हापासून आम्ही घरीच ठरवतो, की एकच जागा निघाली तर ती कोणी घ्यायची, आणि तसे असेल तर पीएनआर वेगळे करून घेतो. वेगळे करताना दोन्ही आरक्षणांत एकमेकांची नोंद घालायला सांगावे, म्हणजे उड्डाण रद्द झाले तर दोघांना वेगवेगळ्या विमानांत पाठवले जाण्याचा धोका कमी होतो. लहान मूल किंवा मदतीची गरज असलेली व्यक्ती बरोबर असेल, तर वेगळे करूच नये. आणि स्टेटस एकाचेच असेल, तर सोबत्याला त्याचा लाभ मिळतो की नाही, वेगळे केल्यावर तो जातो का, हे आधी विचारावे.

मग तारखा नोंदवाव्यात. अमेरिकनमध्ये एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम पदाच्या लोकांची अपग्रेड उड्डाणाच्या १०० तास आधीपासून, प्लॅटिनम प्रोची ७२, प्लॅटिनमची ४८ आणि गोल्डची २४ तास आधीपासून दिली जातात. इतर कंपन्यांतही अशीच उतरंड असते. आपल्या तासांच्या वेळी अ‍ॅप एकदा उघडावे. तोवर इकॉनॉमीतली आपल्याला आवडणारी जागा निवडून ठेवावीच, कारण अपग्रेड नाही मिळाले तर प्रवास तिथूनच व्हायचा आहे. अपग्रेड मिळाल्यावर जुनी जागा सुटते, आणि विमान बदलून पुन्हा मागे यावे लागले तर ती परत मिळेलच असे नाही. म्हणून तिचा क्रमांक टिपून ठेवावा. खास जेवण मागवले असेल, तर ते शेवटच्या घटकेच्या अपग्रेडमध्ये आपल्याबरोबर पुढे येईलच असे नसते. पथ्य असणाऱ्याने थोडे खाणे जवळ ठेवावे.

चेक-इनच्या वेळी पैसे भरून अपग्रेड घेण्याचा प्रस्ताव समोर येतो, काही कंपन्या आधीच बोली लावायला सांगतात. पूर्वी स्टेटसधारकांना मिळणाऱ्या जागांपैकी कितीतरी आता अशा विकल्या जातात, आणि यादी हलत नाही याचे ते एक मोठे कारण आहे. त्या क्षणी घाईत निर्णय घेऊ नये. या प्रवासासाठी आपण जास्तीत जास्त किती देऊ, हा आकडा आदल्या दिवशी ठरवावा, आणि त्याहून कमी मागत असतील आणि यादीत आपण खाली असू, तर विकत घेणेच शहाणपणाचे.

गेटवर बोर्डिंग सुरू होण्यापूर्वी पोचावे. शेवटची अपग्रेड तिथेच दिली जातात, आणि हाक मारल्यावर जो हजर नसतो त्याची जागा पुढच्या नावाला जाते. कपडे, लग्नाचा वाढदिवस, गोड बोलणे यांनी यादीचा क्रम बदलत नाही. कर्मचाऱ्याला विचारायचेच असेल तर एकदा, गर्दी ओसरल्यावर, 'यादीत माझे नाव आहे ना' एवढेच विचारावे. इकॉनॉमीत क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली असतील, तर कंपनी स्वतःहून काहींना पुढे बसवते, आणि तेव्हाही बहुधा स्टेटसच आधी पाहिले जाते. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अशा अपग्रेडसाठी प्रवाशाकडून जादा पैसे घेता येत नाहीत. उलट, विकत घेतलेल्या वर्गातून खाली बसवले तर अंतरानुसार भाड्याचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत द्यावे लागतात. विमान चुकले किंवा रद्द झाले, तर नव्या उड्डाणात अपग्रेडची विनंती पुन्हा घातली आहे का, हे तिथल्या तिथे विचारावे. नव्या आरक्षणात ती बऱ्याचदा सोबत येत नाही.

प्रवास संपल्यावर बोर्डिंग पास फेकू नये. अपग्रेड झाले तरी मैल साधारणपणे मूळ विकत घेतलेल्या श्रेणीचेच मिळतात, आणि ते खात्यात दिसेपर्यंत पास जपून ठेवावा. वेटलिस्ट हलली नसेल तर त्यासाठी अडकलेले व्हाउचर किंवा मैल खात्यात परत आले का, हे आठवड्याभरात पाहावे, आणि आले नसतील तर उड्डाण क्रमांक व तारीख देऊन लेखी मागणी करावी.