बंब कोणाचा, बोट कोणाची? सांगली जिल्ह्यात आपत्कालीन मदत कशी मागावी

आग लागल्यावर किंवा पाणी दारात आल्यावर नेमके कोणाला कळवायचे, हे त्या घाईत सुचत नाही, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावे. त्यासाठी आपल्याकडची व्यवस्था कशी बांधलेली आहे, हे थोडे समजून घ्यावे लागते.

भारतात संपूर्ण देशासाठी एकच अग्निशमन दल नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येण्याजोगा विषय आहे. सांगली, मिरज आणि कुपवाडसाठी महापालिकेचे अग्निशमन दल आहे. विटा, तासगाव, आष्टा येथे ती बाजू नगरपरिषदेकडे येते. ग्रामपंचायतीकडे मात्र सहसा स्वतःचा बंब नसतो, त्यामुळे मळ्यातल्या वस्तीवर आग लागली की जवळच्या शहरातून, औद्योगिक वसाहतीतून किंवा साखर कारखान्यातून बंब मागवावा लागतो. म्हणूनच गावात राहणाऱ्याने पहिले काम हे करावे: जवळचा बंब कोठे उभा असतो याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी आणि तेथील थेट दूरध्वनी क्रमांक घराच्या दाराआड, मीटरच्या पेटीशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. ११२ आणि १०८ वर केलेला फोन आधी राज्यपातळीवरच्या केंद्रात जातो, त्यामुळे फोन उचलणाऱ्याला आपले गाव माहीत असेल असे गृहीत धरू नये. वांगी कडेगाव तालुक्यात आहे, तसेच सोलापूरच्या करमाळा तालुक्यातही आहे. गाव, तालुका, जिल्हा, जवळचा फाटा आणि ठळक खूण या क्रमाने सांगावे, काय पेटले आहे व आत कोणी अडकले आहे का ते सांगावे, आणि समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नये. गॅस गळत असेल तर घराबाहेर येऊन १९०६ वर कळवावे; आत विजेचे एकही बटण दाबू नये.

बंब निघाला म्हणजे काम संपले असे नाही. एका माणसाला फाट्यावर बॅटरी देऊन उभे करावे, पाणंदीत लावलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या बाजूला घ्याव्यात आणि महावितरणला १९१२ वर कळवून त्या भागाची वीज बंद करून घ्यावी, कारण चालू तारेखाली पाण्याचा मारा करणे जवानांच्या जिवावर बेतू शकते. उसाचा फड पेटला असेल तर बंबातले पाणी लवकर संपते. टाकी पुन्हा भरता येईल अशी विहीर आणि चालू मोटार कोठे आहे, हे जवानांना दाखवणारा माणूस तेथे असलाच पाहिजे. माझ्या मते गावकऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत मोलाची मदत हीच.

शहरात उंच इमारतीत राहणाऱ्यांनी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाकडे लक्ष द्यावे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. सोसायटीच्या सभेत ते पाहायला मागण्याचा संकोच करू नये.

पुराची साखळी वेगळी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. बोटी, लष्कर किंवा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची मागणी प्रशासनामार्फत वर जाते, आणि त्या दलाची आपल्याला जवळची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघते. ती रस्त्याने पोहोचायला वेळ लागतो; तोवरचे काही तास गावाचे स्वतःचे असतात. म्हणून तलाठी व ग्रामपंचायतीकडे आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि जनावरे यांची यादी पावसाळ्यापूर्वीच द्यावी.

सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरते, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि त्या आकड्याच्या पाच फूट आधीच, उजेड असताना घर सोडावे. बोटीत बसावेच लागले तर जीवरक्षक जाकीट घालूनच बसावे, आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.