सोसायटीच्या हिरवळीला पाणी किती आणि कसे द्यावे

2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानांवरील पाण्याची चर्चा घरोघरी झाली. आपल्या सोसायटीच्या हिरवळीचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो आधी मांडावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणून 500 चौरस मीटर हिरवळीला रोज 5 मिलिमीटर दिल्यास 2,500 लिटर लागतात, आणि दरडोई 135 लिटर या शहरी मानकाने ते अठरा माणसांचे दिवसभराचे पाणी होते. सभेत वाद होणारच असेल, तर तो या आकड्यावर व्हावा.

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असल्यास तेथीलच पाणी वापरावे, परंतु ते तुषार सिंचनाने हवेत न उडवता पाइपने जमिनीलगत सोडावे, कारण मुले तेथेच खेळतात. पाणी पहाटे द्यावे; दुपारी दिलेल्या पाण्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. बोटभर खोल माती ओली लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. गवत फार खुरटे कापू नये, म्हणजे माती सावलीत राहते.

हरळी असेल तर टंचाईत ती खुशाल पिवळी पडू द्यावी. तिच्या मुळ्या चिवट असतात आणि पावसाबरोबर ती पुन्हा फुटते. टँकरचे पाणी हिरवळीवर घालणे मला अन्यायाचे वाटते, आणि तशी मनाई करणारा ठराव उन्हाळ्याआधीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा.