जिभेवरचा पांढरा थर जातच नव्हता

जिभेवर दह्यासारखा थर. खरवडला की खाली लालबुंद, झोंबणारं. पोटात यीस्ट वाढलं समजून साखर सोडली, ताक प्यायलो, हळदीच्या गुळण्या केल्या. नागपुरात राहून संत्रा बर्फीला नाही म्हणायचं, वैताग नुसता!

डॉक्टरांनी विचारलं, "दम्याचा पंप घेता?" पंपातलं स्टेरॉइड तोंडात राहिलं की कॅन्डिडा (एक प्रकारचं यीस्ट) तिथेच फोफावतो. थर क्लोट्रिमॅझोल माउथ पेंटने गेला. परत आला नाही तो या क्रमामुळे (पंप स्वतःहून बंद करायचा नाही): पंप हलवा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, श्वास सोडा, एकदा दाबा, सावकाश आत ओढा, दहा सेकंद रोखा. लगेच खळखळून चूळ, मग घशापर्यंत गुळणी. पाणी थुंका, गिळू नका. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसला तर औषध आतल्या बाजूला चिकटतं.