एजंट मारण्याआधी त्याची लेकरं मोजा

एका रात्री एआय एजंटला, म्हणजे स्वतःच आज्ञा चालवून कोड लिहिणाऱ्या प्रोग्रामला, कोडच्या चाचण्या दुरुस्त करायला बसवलं. सकाळी कंट्रोल-सी दाबून टर्मिनल बंद केलं, स्वतःचा सर्व्हर सुरू करायला गेलो, तर ३००० नंबरचं पोर्ट (सर्व्हरशी बोलायचा नंबरी दरवाजा) अडलेलं. एजंट गेला होता, पण चाचणीसाठी त्याने उभा केलेला नोडचा सर्व्हर मागेच राहिला होता. लिनक्समध्ये पालक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) गेली की तिने सुरू केलेल्या प्रोसेस, म्हणजे पोरकी लेकरं, बहुधा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १ च्या पदरात पडतात आणि निवांत चालत राहतात. क्लॉड कोडसारखा एजंट शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उघडतो, एमसीपी सर्व्हर (एजंटला बाहेरची साधनं जोडून देणारे प्रोग्राम) चालवतो, बिल्ड सोडतो. म्हणजे आपल्याला एक प्रोसेस नाही, अख्खं कुटुंब सांभाळायचं असतं.

(आज्ञा लिनक्सच्या आहेत आणि बोलताना सांगतो तशा लिहिल्या आहेत.)

आधी प्रत्येक एजंटला टीमक्समध्ये (टर्मिनलमधली कामं पाठीमागे चालू ठेवणारं साधन) वेगळी खोली द्या: ‘टीमक्स न्यू डॅश एस लॉगिन’. नाव कामावरून ठेवा. ‘टेस्ट१’, ‘टेस्ट२’ दुपारपर्यंत तुम्हालाच ओळखू येणार नाहीत. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडा. एसएसएच (दूरच्या मशीनशी जोडणी) तुटलं तरी आत काम चालू राहतं. ‘टीमक्स एलएस’ने यादी दिसते, ‘टीमक्स अटॅच डॅश टी लॉगिन’ने परत आत जाता येतं. दोन एजंट एकाच फोल्डरमध्ये सोडू नका, एकमेकांच्या फाइली तुडवतात. त्यासाठी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मधलं ‘गिट वर्कट्री ॲड’ आहे, ते त्याच प्रकल्पासाठी वेगळं फोल्डर उघडून देतं.

मग मुदत. साधा प्रोग्राम अडकला तर फार तर लॅपटॉपचा पंखा घोंघावतो. एजंट गोल गोल फिरत राहिला तर टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं ते शब्दांचे तुकडे) जळतात आणि बिल चढतं. म्हणून पाठीमागे चालवायचं काम ‘टाइमआउट ३०एम क्लॉड डॅश पी’ आणि पुढे अवतरणात सूचना, असं द्या. अर्धा तास संपला की टाइमआउट त्याला थांबवतो आणि एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) १२४ देतो. आउटपुट फाइलमध्ये वळवा. मात्र पाइप लावून ‘टी’कडे (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे देणारी आज्ञा) पाठवलंत, तर शेल एक्झिट कोड ‘टी’चा दाखवतो आणि १२४ दिसतच नाही. आधी ‘सेट डॅश ओ पाइपफेल’ करा.

चालू आहे का, हे बघताना बरेच जण टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) उघडतात आणि सीपीयू शून्य दिसला की ‘अडकला!’ म्हणून मोकळे होतात. घाई नको. एजंटचा बराचसा वेळ मॉडेलच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. तेव्हा सीपीयू जवळजवळ शून्यच असणार. लॉगचं, म्हणजे आउटपुट वळवलेल्या फाइलचं, शेपूट बघा, ‘गिट डिफ’मध्ये कोडमधले बदल बघा. एकच चूक तीनदा करून तीनदा पुसली असेल, तर तो खरंच अडकलाय.

आता थांबवणं. इथे क्रम महत्त्वाचा. ‘पीजीरेप डॅश एएफ क्लॉड’ने पीआयडी शोधा आणि लगेच ‘पीएसट्री डॅश पी’ला तो देऊन लेकरांचे नंबर टिपून ठेवा. पालक गेल्यावर कोण कुणाचं हे नातं झाडात दिसत नाही. मग कंट्रोल-सी, किंवा नुसतं ‘किल’ आणि पीआयडी. नुसत्या ‘किल’चा सिग्नल १५, म्हणजे आवरून निघायची सूचना. दहा सेकंद थांबा. टिपलेल्यांपैकी जे उरले असतील त्यांनाही हीच सूचना द्या. तरीही न हलणाऱ्यालाच ‘किल डॅश ९’. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे आवराआवरही होत नाही: तात्पुरत्या फाइली पडून राहतात, गिट मध्येच मेलं तर त्याची इंडेक्स-लॉक फाइल उरते आणि पुढचा कमिट अडतो. ‘पीकिल डॅश एफ’ मी तर टाळतोच. आज्ञेत कुठेही तो शब्द असलेल्या सगळ्या प्रोसेस त्यात जातात, त्याच नावाची फाइल उघडलेला तुमचा एडिटरसुद्धा.

शेवटी ‘एलएसओएफ डॅश आय’, पुढे कोलन ३०००; हे पोर्ट कुणी धरलंय ते दाखवतं. काहीच उमटलं नाही तर तुमच्या कुठल्याच प्रोसेसने पोर्ट धरलेलं नाही. मग ‘गिट स्टेटस’ करून एजंटने अर्धवट काय सोडलंय ते बघा.